तरुणांना राष्ट्रीय उद्यानात न्यायचे, ते कशासाठी?

तरुणांच्या आरोग्याचा विषय निघाला की मैदान, व्यायामशाळा आणि समुपदेशकाची खोली या जागा लगेच डोळ्यांसमोर येतात. राष्ट्रीय उद्यान सहसा आठवत नाही, आणि आठवलेच तर सुट्टीतल्या सहलीचे ठिकाण म्हणून. गेल्या काही वर्षांत मात्र अनेक देशांतील उद्यानांचे व्यवस्थापन आणि आरोग्ययंत्रणा एकमेकांशी बोलू लागल्या आहेत, आणि त्यातून बरेच चांगले उपक्रम उभे राहिले आहेत. या उपक्रमांविषयी मला आस्था आहे, पण थोडी तक्रारही आहे. उद्यान म्हणजे जणू औषधाची बाटली आणि तरुणांना तिच्यातले ठरावीक घोट पाजले की काम झाले, असा एक समज त्यांच्यामागे हळूच शिरतो. माझ्या मते उद्यानात जाऊन नुसते पाहण्याने जेवढे मिळते, त्यापेक्षा कितीतरी अधिक तिथे काही काम केल्याने, कोणाच्या तरी सोबतीने रात्र काढल्याने आणि त्याच जागी पुन्हा पुन्हा गेल्याने मिळते.

ही कल्पना नवी नाही. अमेरिकेने १८७२ मध्ये यलोस्टोन हे पहिले राष्ट्रीय उद्यान स्थापन केले, तेव्हाच्या कायद्यात लोकांचा लाभ आणि आनंद हा हेतू स्पष्ट लिहिलेला होता. पण लोक म्हणजे कोण, हा प्रश्न तरुणांनी खऱ्या अर्थाने विचारला तो इंग्लंडमध्ये. मँचेस्टर आणि शेफील्ड या धुराने भरलेल्या औद्योगिक शहरांतील कामगार मुले-मुली रविवारी मोकळ्या हवेसाठी जवळच्या पठारांकडे जात, आणि तिथली जमीन मोजक्या मालकांच्या शिकारीसाठी राखीव असल्याने त्यांना हाकलून दिले जाई. २४ एप्रिल १९३२ रोजी त्यांतील काहीशे जणांनी किंडर स्काउट या पठारावर उघडपणे, ठरवून घुसखोरी केली. त्यांचे नेतृत्व करणारा बेनी रॉथमन तेव्हा अवघा २० वर्षांचा होता. पाच तरुणांना त्यापायी तुरुंगवास झाला. पुढे १९४९ मध्ये ब्रिटनमध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, आणि १९५१ मध्ये घोषित झालेल्या पहिल्या उद्यानात, पीक डिस्ट्रिक्टमध्ये, तेच किंडर स्काउट समाविष्ट होते. एका घटनेतून कायदा जन्मला असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. तरीही तरुणांना निसर्गाकडे वळवायचे कसे, याची चिंता करणाऱ्यांनी हे विसरू नये, की एका पिढीला तिथे जाण्यापासून रोखावे लागले होते. ओढ होतीच, वाट बंद होती. आजही अनेक ठिकाणी हेच खरे आहे, फक्त कुंपण दिसत नाही.

आजची परिस्थिती काय आहे? जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार मुलांनी आणि किशोरवयीनांनी रोज सरासरी किमान ६० मिनिटे शरीराला श्रम होतील अशी हालचाल करायला हवी. संघटनेच्या संशोधकांनी २०१६ पर्यंतच्या आकडेवारीवरून काढलेल्या निष्कर्षानुसार जगभरातील ११ ते १७ वयोगटातील शाळकरी मुलांपैकी सुमारे ८१ टक्के मुले तेवढी हालचाल करत नाहीत, आणि मुलींमध्ये हे प्रमाण मुलांपेक्षाही जास्त आहे. १० ते १९ या वयातील साधारण सातांपैकी एकाला कोणता ना कोणता मानसिक विकार असतो, असेही हीच संघटना सांगते. हे आकडे पुढे करून पालकांना घाबरवणे सोपे आहे, आणि ते भरपूर होतेही. प्रश्न त्यावर काय करायचे हा आहे.

निसर्गाच्या सान्निध्याने माणसाला बरे वाटते, हे सिद्ध झाले आहे का, असे मला कोणी विचारले तर मी जरा जपूनच उत्तर देईन. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो: पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या रुग्णांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते खिडकीतून विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. पण ते रुग्ण जेमतेम ४६ होते. डेन्मार्कमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास याच्या नेमका उलट टोकाचा, म्हणजे नऊ लाखांहून अधिक व्यक्तींचा. बालपणी ज्यांच्या घराभोवती सर्वांत कमी हिरवळ होती, त्यांना पुढे मानसिक विकार जडण्याचा धोका, विकारानुसार, ५५ टक्क्यांपर्यंत अधिक आढळला, आणि कुटुंबाची आर्थिक स्थिती वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही हा संबंध टिकून राहिला. त्याच वर्षी इंग्लंडमधील सुमारे २०,००० प्रौढांच्या माहितीवरून असे दिसले, की आठवड्यातून किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणारे लोक आपले आरोग्य आणि स्वास्थ्य चांगले असल्याचे अधिक प्रमाणात सांगतात; ही दोन तासांची वेळ एकदम काढली काय किंवा तुकड्यांनी काढली काय, फरक पडत नव्हता. अमेरिकेतील ३८ जणांच्या एका प्रयोगात, दीड तास रहदारीच्या रस्त्याने चालणाऱ्यांपेक्षा दीड तास निसर्गात चालणाऱ्यांच्या मनातील नकारात्मक विचारांची घोकंपट्टी कमी झाल्याचे २०१५ मध्ये नोंदवले गेले.

यांतील मोठे अभ्यास परस्परसंबंध दाखवतात. कारण आणि परिणाम यांची गाठ ते पक्की बांधू शकत नाहीत. निरोगी माणूस अधिक फिरतो, की फिरणारा अधिक निरोगी राहतो, हा प्रश्न शिल्लक राहतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. यांपैकी बहुतेक पुरावा घराजवळच्या साध्या हिरवळीविषयी आहे. मग दूरच्या राष्ट्रीय उद्यानात जायचे कशाला? रोजच्या आरोग्यासाठी कोपऱ्यावरची बागच बरी, असे कोणी म्हटले तर त्याचे काही चुकणार नाही.

मात्र काही गोष्टी कोपऱ्यावरच्या बागेत मिळत नाहीत. पहिली म्हणजे रात्र. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळ मुळातच मागे सरकते, त्यामुळे उशिरापर्यंत झोप न येणे हा सर्वस्वी आळसाचा किंवा बेशिस्तीचा भाग नसतो. त्यावर दिव्यांचा आणि पडद्यांचा प्रकाश पडला की ते आणखी मागे जाते. केनेथ राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ जणांनी उन्हाळ्यात एक आठवडा रॉकी पर्वतात तंबूत घालवला. प्रकाश फक्त सूर्याचा आणि शेकोटीचा, हातात विजेरीही नाही. आठवडाअखेर त्यांच्या शरीरातील मेलाटोनिन, म्हणजे झोपेची चाहूल देणारे संप्रेरक, पूर्वीपेक्षा सुमारे दोन तास आधी वाढू लागले होते. ते सहभागी किशोरवयीन नव्हते आणि संख्याही लहान होती, पण दिवसाचा भरपूर उजेड आणि रात्रीचा खरा अंधार यांचा जोड शरीराला काय सांगतो, हे त्यातून स्पष्ट दिसते. हा खरा अंधार आता दुर्मीळ झाला आहे. इंग्लंडमधील एक्समूर राष्ट्रीय उद्यानाला २०११ मध्ये युरोपातील पहिले आंतरराष्ट्रीय ‘डार्क स्काय रिझर्व्ह’, म्हणजे रात्रीच्या आकाशाचा अंधार जपणारे राखीव क्षेत्र, म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यानंतर अनेक उद्यानांनी अंधार जपणे हेही आपले काम मानले. आकाशगंगा कधीच न पाहिलेला सोळा-सतरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी अशा ठिकाणी पहिल्यांदा मान वर करते, तेव्हा तिच्या मनात काय होते हे मोजायचे यंत्र माझ्याकडे नाही. पण असा मुक्काम मिळालेली मुले त्याविषयी नंतर किती वेळ बोलत राहतात, हे मी पाहिले आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे मोठे अंतर. खेळात गुण असतात, संघनिवड असते, आणि ज्यांची निवड होत नाही अशी मुले बारा-तेराव्या वर्षीच स्वतःला ‘खेळात कच्चा’ असे लेबल लावून मोकळी होतात. पायवाटेवर दिवसभर चालण्यात कोणी हरत नाही. चढणीवर सर्वांत मागे राहणारा मुलगा अनेकदा नकाशा सर्वांत नीट वाचणारा निघतो, आणि संपूर्ण गट सर्वांत हळू चालणाऱ्याच्या वेगाने जातो हा नियम एकदा अंगवळणी पडला, की आपल्या देहाची लाज वाटणाऱ्या मुलांचे खांदे सैल होतात. आरशाविना काढलेले दोन दिवस या वयात फार मोलाचे असतात. अर्थात गट नेणाऱ्याने ‘चला, चला, लवकर’ असा धोशा लावला, तर हे सगळे पाण्यात जाते.

तिसरी गोष्ट काम. याविषयी मला अधिक बोलायचे आहे, कारण आजच्या उपक्रमांत तीच सर्वांत दुर्लक्षित राहते. १९३३ मध्ये, महामंदीच्या ऐन भरात, अमेरिकेचे अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर नावाची योजना सुरू केली. बेरोजगार, अविवाहित तरुण, सुरुवातीला १८ ते २५ वयोगटातील, जंगलांत आणि उद्यानांत उभारलेल्या छावण्यांत राहत. महिना ३० डॉलर मजुरी, त्यांतील २५ सहसा थेट घरी पाठवले जात. १९४२ पर्यंत, नऊ वर्षांत, सुमारे तीस लाख तरुण या छावण्यांतून गेले. त्यांनी जवळपास तीन अब्ज झाडे लावली, पायवाटा खोदल्या, पूल आणि निवारे बांधले. अमेरिकेतील उद्यानांत आजही वापरात असलेली कित्येक दगडी बांधकामे त्यांच्या हातची आहेत. अर्धपोटी अवस्थेत आलेल्या या मुलांची वजने काही आठवड्यांतच वाढली, याच्या नोंदी आहेत. संध्याकाळच्या वर्गांत हजारो जण लिहायला-वाचायला शिकले. कोणी त्यांना ‘निसर्गाचा आस्वाद घ्या’ असे सांगितले नव्हते. पोटभर जेवण, अंगमेहनत, समवयस्कांची संगत, घरी पाठवता येणारा पैसा आणि दिवस मावळताना डोळ्यांना दिसणारे काम, एवढ्या सामग्रीवर ही मुले उभी राहिली. या योजनेचे गोडवे गाताना तिचे दोषही सांगायला हवेत: मुलींना तिच्यात जागा नव्हती, आणि कृष्णवर्णीय तरुणांची संख्या मर्यादित ठेवून त्यांना वेगळ्या छावण्यांत टाकले जाई. आरोग्याचा लाभ कोणाला द्यायचा हे तेव्हाही सत्तेनेच ठरवले.

या योजनेची आठवण पुन्हा जागी केली ती एका विद्यार्थिनीने. एलिझाबेथ कुशमन, पुढे लिझ पुटनम म्हणून ओळखल्या गेलेल्या, यांनी १९५५ मध्ये महाविद्यालयीन प्रबंधात असे सुचवले, की निधीअभावी दुरवस्थेत गेलेल्या राष्ट्रीय उद्यानांत विद्यार्थ्यांनी स्वयंसेवक म्हणून काम करावे. १९५७ मध्ये ऑलिम्पिक आणि ग्रँड टेटन या उद्यानांत पहिले विद्यार्थी कामाला लागले, आणि त्यातून उभी राहिलेली स्टुडंट कॉन्झर्व्हेशन असोसिएशन आजही चालू आहे. मला या उदाहरणाचे विशेष वाटते, कारण त्यात तरुणांना रुग्ण किंवा लाभार्थी मानलेले नाही. उद्यानाला त्यांची गरज होती. आपल्या असण्याने कुठेतरी काही अडते आहे, ही जाणीव विशीतल्या माणसाला किती सावरून धरते, हे ज्यांनी तरुणांसोबत काम केले आहे त्यांना वेगळे सांगायला नको.

आजचे बरेचसे उपक्रम मात्र प्रवेशशुल्काभोवती फिरतात. अमेरिकेने २०१५ पासून चौथीतल्या मुलांना कुटुंबासह वर्षभर मोफत प्रवेश देणारा पास सुरू केला. कॅनडाने २०१८ पासून १७ वर्षांपर्यंतच्या सर्वांना आपल्या राष्ट्रीय उद्यानांत प्रवेश मोफत केला. कॅनडातच २०२० मध्ये ब्रिटिश कोलंबियात सुरू झालेल्या ‘पार्क्स’ या उपक्रमात डॉक्टर निसर्गात वेळ घालवण्याची चिठ्ठी लिहून देतात. आठवड्याला दोन तास, आणि एका वेळी किमान २० मिनिटे, असे साधारण प्रमाण असते. २०२२ पासून त्या डॉक्टरांना काही रुग्णांसाठी राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पासही देता येऊ लागला. चिठ्ठीला माझा विरोध नाही. डॉक्टरांचे वजन असते. आईवडिलांनी शंभरदा सांगून जे होत नाही, ते एका सहीने होते. पण पास खिशात असून उद्यान गाठायला वाहन नसेल, पावसात टिकणारे बूट नसतील, सोबतीला कोणी नसेल, तर तो पास तसाच पडून राहतो. बहुतेक मोठी उद्याने शहरांपासून दूर असतात आणि त्यांची रचना खासगी मोटार असलेल्या कुटुंबाला डोळ्यांसमोर ठेवून केलेली असते. सतरा वर्षांच्या मुलाकडे मोटार नसते. म्हणून मला विचाराल तर मोफत प्रवेशाआधी शनिवार-रविवारची बस, आणि बूट-तंबू-पाठपिशव्या उसन्या देणारे केंद्र, या दोन गोष्टींवर पैसा खर्च व्हावा.

याहून चिवट अडथळा मनातला असतो. ‘ही जागा आमच्यासाठी नाही’ असे वाटणे. इंग्लंडमधील संरक्षित भूप्रदेशांच्या २०१९ च्या शासकीय आढाव्याने, ज्याचे प्रमुख ज्युलियन ग्लोव्हर होते, हे स्पष्ट शब्दांत मान्य केले, की समाजातील अनेक गटांना हे प्रदेश गोऱ्या मध्यमवर्गीयांचा क्लब वाटतात. प्रत्येक मुलाला एक रात्र ताऱ्यांखाली घालवण्याची संधी मिळावी, अशी शिफारसही त्याच आढाव्यात आहे. काही समुदायांच्या बाबतीत हे परकेपण केवळ वाटण्याचे नाही. यलोस्टोनसह कित्येक उद्याने तिथल्या मूळ रहिवाशांना बाजूला सारून उभी राहिली, आणि त्यांच्या आजच्या पिढीला ‘या, निसर्गात मन रमवा’ असे आमंत्रण देण्याआधी तो हिशेब मान्य करावा लागतो. ऑस्ट्रेलियात उलुरू या प्रचंड खडकाची मालकी १९८५ मध्ये तिथल्या मूळ रहिवाशांकडे, अनांगू लोकांकडे, परत आली. उद्यान आता त्यांच्यासह संयुक्तपणे चालवले जाते, आणि त्यांच्यासाठी पवित्र असलेल्या त्या खडकावर चढणे २०१९ मध्ये बंद झाले. आपल्या आजोबांच्या ज्ञानाला जिथे अधिकृत मान आहे, अशा भूमीवर वावरणाऱ्या तरुणाचे स्वास्थ्य मिनिटांच्या हिशेबात बसत नाही.

आता पालकांच्या भीतीविषयी. ती अनाठायी नाही. वाहते पाणी, अचानक बदलणारे हवामान, सुटलेली वाट आणि फोटोसाठी कड्याच्या टोकावर जाण्याची हौस, यांनी अपघात होतात. जिथे मोठे हिंस्र प्राणी आहेत अशा काही उद्यानांत तर वाटाड्याविना पायी फिरण्याची परवानगीच नसते, आणि ते योग्यच आहे. जाण्याचा मार्ग आणि परतण्याची वेळ मागे राहणाऱ्या माणसाला लिहून देणे, उबदार कपड्यांचा एक जादा थर, गरजेपेक्षा अधिक पाणी, आणि मोबाइलचे नेटवर्क मिळणार नाही असे गृहीत धरून जवळ बाळगलेला कागदी नकाशा, एवढी तयारी मुलांकडूनच करून घ्यावी. धोका ओळखून त्याला तोंड देण्याचा सराव हासुद्धा आरोग्याचाच भाग आहे. मोबाइल घरी ठेवायला लावण्याच्या मात्र मी विरोधात आहे. त्यावरून सहलीआधीच भांडण होते. उलट पाखरांचे आवाज किंवा वनस्पती ओळखायला तो उपयोगी पडतो, आणि दरीत उतरल्यावर नेटवर्क जाते तेव्हा मोठ्यांना काही बोलावेच लागत नाही.

एक इशारा द्यायलाच हवा. नैराश्याने किंवा तीव्र चिंतेने ग्रासलेल्या तरुणाला ‘जरा जंगलात फिरून ये, बरे वाटेल’ असे सांगणे निष्ठुरपणाचे ठरू शकते. अंथरुणातून उठणेच ज्याला डोंगराएवढे झाले आहे, त्याला आधी उपचार हवेत, तज्ज्ञ हवा, औषध लागत असेल तर औषध हवे. उद्यान या सगळ्याच्या जोडीला येऊ शकते, त्याची जागा घेऊ शकत नाही. स्वतःला इजा करण्याचे विचार बोलून दाखवणाऱ्या मुलाला तर तातडीने वैद्यकीय मदत मिळवून द्यावी. उद्यानांची आरोग्यपत्रके हे पुरेशा ठळकपणे लिहीत नाहीत, असे माझे निरीक्षण आहे.

गट घेऊन जाणाऱ्यांना माझे सांगणे थोडके आहे. दरवेळी नवे, अधिक भव्य ठिकाण शोधू नका. एकाच ठिकाणी वेगवेगळ्या ऋतूंत जा, म्हणजे मुले बदल टिपू लागतात आणि ती जागा त्यांची होते. गर्दीचे आठवडे टाळा, कारण वाहनतळाच्या रांगेत घालवलेल्या दुपारने कोणाचेही मन शांत होत नाही. वेळापत्रक कार्यक्रमांनी भरून टाकू नका. पहिल्या तासाभरात मुले कंटाळतात, कुरकुरतात. त्या कंटाळ्याच्या पलीकडेच ती एकमेकांशी खरे बोलू लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी हौशी संयोजक शिट्टी वाजवून पुढचा खेळ सुरू करतो. व्हीलचेअरवरील किंवा दृष्टिहीन मुलांसाठी कोणती वाट सोयीची आहे, हे आधी जाऊन पाहून या. ‘प्रवेश सुलभ’ अशी पाटी आणि प्रत्यक्षातली वाट यांत बराच फरक असतो.

आणि निर्णयांत तरुणांना वाटा द्या. युरोपातील संरक्षित प्रदेशांच्या युरोपार्क या महासंघाने २०१८ मध्ये स्कॉटलंडमधील केर्नगॉर्म्स राष्ट्रीय उद्यानात भरलेल्या परिषदेत तरुणांनी स्वतः तयार केलेला जाहीरनामा प्रसिद्ध केला. या प्रदेशांत तरुणांना राहता यावे, शिकता यावे आणि रोजगार मिळावा, असा त्याचा रोख आहे. म्हणजे तरुणांना लिहायला दिले, तेव्हा त्यांनी वाऱ्याच्या झुळकेविषयी कमी आणि घर, शिक्षण व नोकरी यांविषयी अधिक लिहिले. जे उद्यान-व्यवस्थापन आपल्या सल्लागार मंडळावर अठरा-वीस वर्षांच्या दोन सदस्यांना मतदानाच्या हक्कासह बसवील, त्याच्या पहिल्याच बैठकीत शेवटच्या बसची वेळ, मुक्कामाचा दर आणि हंगामी कामाचे वेतन हे विषय निघतील, असा माझा अंदाज आहे.